दाव्याला बांधलेली फटफटी

आमच्या दाजींनी चोरांचा जितका खोलवर विचार केला होता, तितका कोल्हापुरातल्या चोरांनी स्वतःसुद्धा कधी केला नसेल. चोर कुठल्या बाजूनं येईल, आधी कशाला हात लावील, कोणत्या क्षणी त्याचा धीर सुटेल, हे सगळं त्यांना तोंडपाठ होतं. उणीव एकच होती, प्रत्यक्ष चोर त्यांनी आयुष्यात पाहिला नव्हता. आणि गंमत अशी की घराच्या बाबतीत हाच माणूस इतका ढिला, की शिवाजी पेठेतल्या त्यांच्या घराला कडी आहे हे मला तिथं दहा वर्षं जाऊन-येऊनही माहीत नव्हतं. शेजारीपाजारी येत, न विचारता शिडी नेत, पाटा-वरवंटा नेत. एकदा ओसरीच्या खुंटीवरचा त्यांचा लोकरीचा कोटच नाहीसा झाला. आक्कानं घर डोक्यावर घेतलं, तर दाजी शांतपणे म्हणाले, ज्याला थंडी वाजत होती त्यानं नेला असंल. पण हेच दाजी रस्त्यावर उभ्या केलेल्या आपल्या फटफटीपासून वीस पावलं दूर गेले, की त्यांची मान मागून कोणी दोरी बांधून ओढल्यासारखी वळायला लागायची.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. पेशानं जनावरांचे डॉक्टर. आधी संस्थानच्या नोकरीत होते. संस्थान विलीन झालं तेव्हा त्याच खुर्चीत, त्याच टेबलाशी बसल्याबसल्या सरकारचे झाले. उंच, हडकुळे, आणि हात इतके लांब की कोटाची बाही त्यांना कधी पुरली नाही. अडलेल्या म्हशीच्या कामाला ते हात देवानं मुद्दाम करून पाठवलेत असं खेड्यातले लोक म्हणायचे. माझे वडील लवकर गेले, त्यामुळे आमच्या घरातलं कर्तं माणूस म्हणजे दाजीच. मी त्यांचा मेव्हणा, वयानं पंधरा वर्षांनी लहान, पण ते मला नेहमी 'पावणं' म्हणूनच हाक मारायचे. मी शाळामास्तर झाल्यावर त्यात थोडा आदर मिसळला इतकंच.

लढाई संपल्यावर बेळगावला लष्करानं आपला जुना माल विकायला काढला, त्यात ही फटफटी त्यांना मिळाली. शेवाळी रंगाची, टाकीवर पांढऱ्या अक्षरांत कसलासा आकडा, मागं पत्र्याची भक्कम पेटी, आणि आवाज असा की ती पंचगंगेचा पूल ओलांडायला लागली की पलीकडच्या मळ्यातली जनावरं कान टवकारायची. जनावरांना तो आवाज पुढं ओळखीचा झाला, आणि काही बैल तो ऐकताच गोठ्याच्या कोपऱ्यात जाऊन उभे राहतात, हे मी स्वतः पाहिलेलं आहे. पण या गाडीत एक खोट होती. तिला किल्ली नव्हती. लष्कराला किल्लीचं काय काम? लाथ मारली की सुरू. म्हणजे कोणीही लाथ मारली की सुरू. हे दाजींच्या लक्षात आलं तिसऱ्याच दिवशी. दवाखान्याबाहेर गाडी उभी होती आणि समोरच्या तालमीतला एक पैलवान सहज गंमत म्हणून तिच्यावर बसला, सहज लाथ मारली, आणि गाडी सुरू झाली. पैलवान घाबरून उडी मारून पळाला. पण त्याच्यापेक्षा जास्त घाबरले दाजी. त्या दिवसापासून त्यांच्या मनाची शांती जी गेली ती गेलीच.

पहिला उपाय त्यांनी केला तो प्लगचा. गाडी थांबवली की खिशातून पाना काढायचा, प्लग सोडवायचा, रुमालात गुंडाळून कोटाच्या आतल्या खिशात ठेवायचा. या खिशात जनावरांचा थर्मामीटरही असायचा. त्यामुळे दाजी कुणाच्या घरी गेले की पेट्रोल, फिनेल आणि आणखी एक सांगण्यासारखा नसलेला, असा तिहेरी वास त्यांच्या आधी दारातून आत यायचा. प्लगवर काही दिवस भागलं. मग त्यांच्या मनात आलं की प्लग नसला तरी गाडी ढकलत नेता येते. म्हणून कुलूप आणि साखळी आली. आठवड्यातच कुलूप रद्द झालं. कुलूप दगडानं फुटतं, आणि शिवाय ते चोराला सांगतं की इथं न्यावं असं काहीतरी आहे, असा त्यांचा युक्तिवाद होता. शेवटी ते आपल्या मूळ विद्येकडे वळले. दवाखान्यात उधळ्या बैलाला, लाथाळ घोड्याला जे दावं लागतं तेच त्यांनी फटफटीला लावलं. झाड, खांब, विजेचा डांब, जे मिळेल त्याला ती बांधायची, आणि गाठ अशी मारायची की ओढावी तितकी आवळत जाते. "गाठ सोडायला अक्कल लागती," ते मला म्हणाले होते, "आनी अक्कल असती तर तो चोर कशाला झाला असता?" तरीही समाधान होईना, तेव्हा त्यांनी गाडीला लोढणं घातलं. ओढाळ गुरानं पळून जाऊ नये म्हणून त्याच्या गळ्यात लाकडाचा ओंडका अडकवतात, तसला बाभळीचा ओंडका पुढच्या चाकाच्या आऱ्यांमधून साखळीनं अडकवलेला. भर पेठेत दाजी हे सगळे विधी खाली बसून यथासांग करायचे आणि नळावर आलेल्या बायका एकमेकींना कोपर मारून विचारायच्या, "डाक्टर, वैरण घालू का तिला?" दाजी मान वर न करता सांगायचे, नको, आत्ताच पेट्रोल पाजलंय.

गाडी कुठं उभी करायची याचंही त्यांचं शास्त्र होतं. ज्या घरी जायचं त्या घरासमोर गाडी कधीच लावायची नाही. मालक कुठल्या घरात आहे हे चोराला कळलं की तो त्या घरावर डोळा ठेवतो आणि नेमकी वेळ साधतो. ते कळलंच नाही तर तो बावचळतो. म्हणून दाजी नेहमी तीन-चार घरं सोडून, दुसऱ्याच कुणाच्या तरी दारात गाडी बांधायचे आणि मग खिडकीपाशी बसून तिच्यावर नजर ठेवायचे. यामुळे त्यांच्या स्नेहसंबंधांवर फार परिणाम झाला. रस्त्याकडे खिडकी नसलेल्या घरांशी त्यांचं जाणंयेणं हळूहळू बंद पडलं. बोळाच्या आत राहणारा एक बालमित्र तर त्यांच्याशी कायमचा रुसला. लग्नाच्या पंगतीत ते मानाचं पान सोडून दाराजवळच्या पानावर बसायचे, आणि व्याह्यांना वाटायचं की डॉक्टरांना काहीतरी मान द्यायचा राहिला. एकदा मला ते कुस्त्यांच्या मैदानात घेऊन गेले. त्या वर्षीची मोठी जोड होती, सगळं कोल्हापूर लोटलं होतं. दाजींनी जागा धरली ती अगदी वरच्या पायरीवर, आणि बसले ते आखाड्याकडे पाठ करून. तिथून बाहेरच्या लिंबाला बांधलेली फटफटी त्यांना दिसत होती. आखाडा माझ्या वाट्याला आला. मी बघायचं आणि त्यांना सांगायचं. "कोन वर हाय?" ते विचारायचे. मी सांगायचो. "पट काढला का?" मी सांगायचो. शेवटची कुस्ती क्षणात चितपट झाली, हजारो फेटे हवेत उडाले, आणि त्या गर्दीत एकटे दाजी गंभीर चेहऱ्यानं लिंबाकडे बघत होते. पुढं कित्येक वर्षं ती कुस्ती ते लोकांना बारकाव्यानिशी सांगायचे, आणि सांगताना अधूनमधून खात्रीसाठी माझ्याकडे पाहायचे.

आता मुख्य गोष्ट. माझ्यासाठी मुली बघणं सुरू झालं होतं, आणि मंगळवार पेठेतल्या एका हेडक्लार्कांच्या मुलीला बघायला जायचं ठरलं. आईची तब्येत बरी नव्हती, म्हणून आक्का, दाजी आणि मी असे तिघंच. आदल्या दिवशी आक्कानं दाजींना समोर बसवून बजावलं, उद्या खिडकीचं नाव काढायचं नाही. आपण मुलाकडची माणसं, ते बसवतील तिथं बसायचं, आणि तोंड त्यांच्याकडे ठेवायचं. दाजींनी कबूल केलं. मला वाटतं, त्यांनी आयुष्यात इतकं अवघड वचन दुसरं कुणाला दिलं नसेल. आक्का टांग्यानं येणार होती, मी दाजींच्या मागं बसून आलो. रिवाजाप्रमाणे त्यांनी चार घरं अलीकडे एका लिंबाला गाडी बांधली, लोढणं घातलं, प्लग काढून खिशात टाकला आणि समोरच्या पानवाल्याला लक्ष ठेवायला सांगितलं. तो नव्या ओळखीचा होता, पण दाजींनी त्याच्या चेहऱ्याकडे नीट बघून घेतलं आणि त्यांना तो बरा वाटला.

आत आम्हाला रस्त्याकडच्या खोलीत बसवलं. दाजींना गादी, मागं लोड, आणि लोडाच्या मागं खिडकी. मी त्यांच्या कपाळावर घाम येताना पाहिला. पोहे आले, चहा आला. मुलगी येऊन पाटावर बसली. मी तिला काय विचारायचं ते पाठ करून गेलो होतो, ते सगळं विसरलो आणि तिला इतिहास आवडतो का भूगोल असं काहीतरी विचारलं. ती म्हणाली, भूगोल. मग हेडक्लार्क दाजींकडे वळून म्हणाले की वडीलधाऱ्यांनीही काही विचारावं. दाजी इतका वेळ कान मागं लावून बसले होते. ते एकदम भानावर आले आणि त्यांच्या मनात जे होतं तेच बाहेर पडलं. "तुमच्या गल्लीत चोऱ्या होत्यात का?"

आक्कानं डोळे मिटून घेतले. हेडक्लार्क काही बोलणार इतक्यात मुलगीच खाली बघत म्हणाली, "आमच्या गल्लीत नेण्यासारखं कुणाकडं काही नसतंय."

मी त्या क्षणी ठरवलं की लग्न करीन तर हिच्याशी.

निरोप घेऊन आम्ही रस्त्यावर आलो, आणि लिंबाखाली काहीच नव्हतं. दावं नाही, लोढणं नाही, फटफटी नाही. दाजी झाडापाशी गेले आणि त्यांनी बुंध्याला हात लावून पाहिला, जणू गाडी दिसत नसली तरी तिथं असेल. मग ते पारावर बसले. माझ्यामुळे हे झालं असं मला वाटत होतं, आणि आपण खिडकीला बंदी घातली म्हणून झालं असं आक्काला वाटत होतं. चार माणसं जमली. पानवाला पुढं झाला आणि त्यानं सांगितलं की गाडी बैलगाडीत घालून नेली. दोघं शेतकरी होते, एक म्हातारा आणि एक त्याचा जावई. डॉक्टरची गाडी न्यायची आहे म्हणाले, त्याला वाटलं डॉक्टरांनीच माणसं पाठवलीत. "मीच हात लावला उचलायला," तो कळवळून म्हणाला, "लई वजनदार हो." कुठल्या गावचे होते ते त्याला माहीत नव्हतं.

तेवढ्यात मागून आवाज आला. मुलगी दारात येऊन उभी होती. मुलाकडची माणसं रस्त्यावर असताना तिनं बाहेर येणं त्या काळात बरं दिसत नव्हतं, आणि तिच्या आईनं तिचा पदर मागून धरलेलाही मला दिसत होता. ती म्हणाली की चहा ओतताना तिनं स्वयंपाकघराच्या खिडकीतून फटफटी घातलेली बैलगाडी जाताना पाहिली होती. फटफटी नादुरुस्त असेल असं तिला वाटलं. गाडी दक्षिणेच्या रस्त्याला लागली. आणि बैल पांढरे होते, डाव्या बाजूच्याचं एक शिंग अर्ध्यातून कापलेलं होतं.

दाजी उठून उभे राहिले. माणसांची नावं ते रोज विसरायचे, पण तालुक्यातलं प्रत्येक जनावर त्यांना ठाऊक होतं. "ते शिंग मीच कापलंय," ते म्हणाले. "गेल्या सालच्या पावसाळ्यात. पर त्या घरचा मानूस चोरी करनार न्हाय." आणि त्यांच्या चेहऱ्यावर रागाच्या जागी एकदम काळजी आली. ती का आली हे मला तेव्हा समजलं नाही.

आक्काला मुलीच्याच घरी बसवून आम्ही टांगा केला. कागलच्या बाजूला चार-पाच मैलांवरचं गाव. वाटेत विचारायची गरजच पडली नाही. बैलगाडीत बसून चाललेली फटफटी ज्यानं पाहिली तो रस्त्यातच उभा राहून दुसऱ्याला सांगत होता. नाक्यावर सांगितलं, ओढ्यावर सांगितलं. एक बाई म्हणाली की म्हातारा खाली उतरून चालत होता आणि फटफटी एकटी गाडीत होती. दाजी ऐकत होते आणि टांगेवाल्याला म्हणत होते, हान जरा.

घरासमोर बैलगाडी सुटलेली होती. अंगणात, कडब्याच्या पेंढ्यांवर आडवी करून, वर घोंगडं पांघरून फटफटी ठेवली होती. तिच्या उशाला एक म्हातारी बाई बसली होती. लोढणं काढून भिंतीला नीट टेकवलं होतं. दाजी टांग्यातून उतरले. वाटभर त्यांनी काय बोलायचं ते जुळवलं असणार, कारण ते ताठ चालत गेले आणि छाती भरून श्वास घेतला. पण म्हातारा शेतकरी गोठ्यातून बाहेर आला, त्याचे दोन्ही हात कोपरापर्यंत भरलेले होते, आणि तो म्हणाला, "आलासा. बसा म्हनत न्हाय, आधी म्हस बघा."

गोठ्यात म्हैस आडवी पडली होती. सकाळपासून अडली होती. डोळे पांढरे झाले होते आणि कण्हायचंही तिनं जवळजवळ सोडलं होतं. दाजींनी आक्कानं आग्रहानं घालायला लावलेला ठेवणीतला कोट आणि आतला सदरा काढून माझ्या अंगावर फेकला, धोतराचा काचा मारला आणि फटफटीच्या पेटीतून औषधाची पिशवी आणायला सांगितली. ती पेटीतच होती, कारण गाडी आली तशी तीही आली होती. मग ते मातीत पोटावर आडवे झाले. रेडकाची मान मागं मुडपलेली होती. आत ढकलून ती सरळ करायची, पुढचे पाय सापडवायचे, दोरी लावायची, आणि म्हशीनं कळ दिली की तेव्हाच ओढायचं. लांब हातांची किंमत मला त्या दिवशी कळली. मी माझ्या मुलगी बघायच्या कोटात, एका हातात शेपूट धरून उभा होतो. जावई दोरीला होता. म्हातारा म्हशीच्या तोंडाशी बसून तिच्याशी बोलत होता, तुझाच डाक्टर आलाय, आता भ्यायचं न्हाय, असं काहीतरी. दोनदा दाजींनी हात बाहेर काढून बोटं चोळली, ती बधिर झाली होती. दुसऱ्यांदा त्यांनी माझ्याकडे पाहिलं, आणि त्या नजरेत मला पहिल्यांदा हा माणूस खरोखर घाबरलेला दिसला. फटफटी गेली तेव्हाही तो असा दिसला नव्हता.

ऊन कलायला आलं तेव्हा रेडी बाहेर आली. निपचित होती. दाजींनी तिच्या नाकात काडी घातली, पाय धरून उलटी केली, छाती चोळली, आणि ती शिंकली. ती शिंकली तशी दारात उभी असलेली म्हातारी मटकन खाली बसली आणि पदर तोंडाला लावून रडायला लागली. म्हशीनं मान वळवून पोरीला चाटायला सुरुवात केली. आम्ही चौघं पुरुष उगाचच दुसरीकडे बघत उभे राहिलो.

हातपाय धुताना मग बोलणं निघालं. म्हाताऱ्यानं सरळ सांगून टाकलं. "दवाखान्यात गेलतो, तुमी न्हाईसा. गावात फिरलो तर गाडी दिसली. तिच्या म्होरची चार दारं वाजवली, कुनी म्हनंना डाक्टर आमच्यात हाय. म्हस तिकडं मरायला टेकलेली. म्हटलं, मानूस घावत न्हाय तर गाडी न्यावी. जनावर न्हेलं की धनी मागनं येतोयच."

दाजी बराच वेळ तोंडावर पाणी मारत राहिले. मग त्यांनी विचारलं, गाठ कशी सोडलीत. म्हाताऱ्याला प्रश्नच समजला नाही. बैलाचीच की गाठ, तो म्हणाला, रोज सोडतो.

मी हसलो, जावई हसला. दाजी हसले नाहीत. म्हातारा ओशाळून म्हणाला, चुकलं असंल तर माफी करा, पण एवढी का जपता ही गाडी? आणि तेव्हा अंगणात, पायरीवर बसून, ओल्या हातांनी दाजींनी जे सांगितलं ते मी त्यांचा सख्खा मेव्हणा असून कधी ऐकलं नव्हतं. नोकरीच्या पहिल्या वर्षी त्यांच्याकडे सायकल होती. एका गावाहून बोलावणं आलं, बैलाचं पोट फुगलं होतं. आठ मैल चिखलातून सायकल रेटत ते गेले आणि पोचले तेव्हा बैल नुकताच गेला होता. अंग अजून गरम होतं. शेतकऱ्याकडे तो एकच बैल. त्यानं दाजींना बसायला घोंगडं टाकलं, पाणी दिलं आणि म्हणाला, "तुमी आलासा, हेच लई झालं." दाजी म्हणाले, त्यानं शिव्या दिल्या असत्या तर मी विसरलो असतो. फटफटी घेतली ती त्यासाठी. आणि ती रस्त्यावर उभी असताना त्यांना दिसायचा तो चोर नव्हताच. त्यांना दिसायचं ते हे, की कुठून तरी माणूस धावत आलाय, आणि आपण बाहेर येतो तर गाडी नाही.

मग ते म्हणाले, "आज गाडी हुती, मीच घावलो न्हाय."

फटफटी सुरू करून आम्ही निघालो तेव्हा म्हातारीनं पुढं होऊन दिव्यानं ओवाळलं, आधी दाजींना आणि मग गाडीला. मी मागच्या सीटवर होतो, मलाही घाईघाईनं कुंकू लागलं. मंगळवार पेठेत आक्का दारातच उभी होती. आमचा अवतार बघून हेडक्लार्कांना काय वाटलं असेल कोण जाणे. मी शेणानं माखलेला, दाजी उघड्या अंगानं. दाजींनी तिथंच रस्त्यावर उभं राहून हेडक्लार्कांना सांगितलं की मुलगी आम्हाला पसंत आहे. "बैलाचं शिंग बघनारी पोरगी हाय. आमच्या पावण्याला रस्त्यावरचा बैलसुद्धा दिसत न्हाय. जोडा चांगला हाय." आक्का नंतर मला म्हणाली की तीन-चार तास बसवून घेतलं तेवढ्या वेळात त्या मुलीनं तिला एकदाही, तुमचे यजमान असे का, असं विचारलं नाही. विचारलं ते एवढंच, त्या घरी जनावर अडलं असेल, ते वाचेल का. आमचं लग्न त्याच वैशाखात झालं. रुखवतात त्या गावाहून आलेला त्या म्हशीच्या तुपाचा डबा होता.

त्या दिवसानंतर दाजींची चोराविषयीची भीती गेली असं मी म्हणणार नाही. प्लग, दावं, ओंडका, सगळं होतं तसंच चालू राहिलं. फक्त त्यात एका पाटीची भर पडली. शाळेतली दगडी पाटी मीच त्यांना आणून दिली. गाडी बांधून झाली की तिच्या हँडलला ती पाटी अडकवायची आणि खडूनं लिहायचं: डॉक्टर अमक्यांच्या घरी आहेत, हाक मारा. चोराला इतका खुलासा करणारा बंदोबस्त जगात दुसरा नसेल. मंगळवार पेठेतल्या टवाळांनी त्या पाटीवर काय काय लिहून ठेवलं ते इथं सांगता येणार नाही. एकदा दाजी पानाच्या दुकानात गप्पा मारत बसले होते, आणि पाटीवर मात्र रोग्याला बघायला गेल्याचं लिहिलेलं होतं. आक्का नेमकी तिथूनच चालली होती. त्या दिवशी त्यांना जेवण उशिरा मिळालं. पण पाटी वाचून माणसं आली, ती खरी. भर पंगतीतून ते उठून गेले, बारशातून गेले, एकदा आमच्याच घरी सत्यनारायणाच्या कथेच्या मधोमध गेले, आणि भटजींनीही पोथीवर बोट ठेवून त्यांची वाट पाहिली.

दाजी निवृत्त झाले तेव्हा त्यांच्या जागी एक तरुण डॉक्टर आला. हसऱ्या चेहऱ्याचा, हातात नवी सायकल. दाजी आठवडाभर विचारात होते. मग एके दिवशी मला म्हणाले, पावणं, चला जरा दवाखान्यात. त्यांनी फटफटी त्या पोरसवदा डॉक्टरच्या हाती दिली. मला वाटलं होतं, आता गाठ शिकवतील, प्लग दाखवतील. त्यांनी त्यातलं काही सांगितलं नाही. त्यांनी रस्ते सांगितले. कुठला ओढा पावसात कुठं उतरायचा, कुठल्या गावचा पूल वाहून गेला की कुठल्या बांधावरून जायचं, कुठल्या घरी म्हैस दरवेळी अडते, कुठला म्हातारा बोलवायला संकोच करतो आणि म्हणून त्याच्याकडे आपणहून जाऊन यायचं. तरुण डॉक्टर वहीत लिहून घेत होता. दाजी थांबून थांबून सांगत होते, आणि मधेच त्यांचा हात टाकीवरच्या पुसट आकड्यावरून फिरत होता.

आम्ही दोघं चालत परतलो. इतक्या वर्षांत त्यांच्याबरोबर कोल्हापुरात पायी चालण्याचा तो माझा पहिलाच प्रसंग. ते फार हळू चालत होते. नवीन गावात आल्यासारखे माड्यांकडे, दुकानांच्या पाट्यांकडे बघत होते. एका भांड्यांच्या दुकानासमोर थांबून त्यांनी विचारलं, हे कवा निघालं? मी म्हटलं, दाजी, मी शाळेत होतो तेव्हापासून आहे. त्यांनी मान हलवली. तालमीपाशी कुणी तरी त्यांना हाक मारली, बसा म्हणालं, आणि ते बसले. कुठंही वळून न बघता, चांगले अर्धा तास बसले.

घरी पोचलो तेव्हा संध्याकाळ झाली होती. आक्का आत दिवा लावत होती. दाजी ओसरीच्या पायरीवर बसले आणि चपला काढून बसूनच राहिले. बऱ्याच वेळानं आक्का सहज बाहेर आली आणि आम्हाला बघून दचकली. मग तिचं लक्ष मोकळ्या रस्त्याकडे गेलं. अकरा वर्षं ती गल्लीच्या तोंडाशी फटफटीचा आवाज आला की चहाचं आधण ठेवत आली होती, आणि दाजी आत येऊन हात धुईपर्यंत कपात चहा पडलेला असायचा.

"आवाजच आला न्हाय," ती म्हणाली. "चहा टाकला न्हाय मी अजून."

"असू दे," दाजी म्हणाले. "बस हितं जरा."

आणि आक्का पदराला हात पुसत त्यांच्या शेजारी पायरीवर बसली.